एमजीबीला तारांची चाकं बसवताना: आधी ओळंबा, मग पाकीट

एप्रिल उजाडला, एमजीबी, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गॅरेजबाहेर निघायला लागल्या, की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. नवी तारांची चाकं आली आहेत, क्रोम झगमगतंय, पुढची दोन मस्त बसली. पण मागचं डावं चाक वळणावर मडगार्डला घासतंय. आता काय करू? खरं तर तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. खोकी फुटलेली असतात, स्टड, म्हणजे चाक धरणारे आट्यांचे खुंट, कापलेले असतात, पैसे गेलेले असतात. मीही एकदा याच वाटेने गेलो होतो. तेव्हा घेतलेले मागचे दोन अडॅप्टर आज गॅरेजमध्ये दार उघडं ठेवायला उपयोगी पडतात.

चूक बहुतेकांची एकच असते: काम चाकापासून सुरू होतं. ते मागच्या एक्सलपासून सुरू व्हायला हवं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे, तो मोडू नका.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे चार सिलिंडरची एमजीबी, उघडी रोडस्टर किंवा पक्क्या छताची जीटी, चार नटांवर बसणारी १४ इंची रोस्टाईल (नक्षीदार पत्र्याची) किंवा साधी पत्र्याची चाकं असलेली. तिच्यावर मधल्या एकाच मोठ्या नटावर, म्हणजे स्पिनरवर, बसणारी तारांची चाकं चढवायची आहेत. आठ सिलिंडरचं इंजिन टाकलेली गाडी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. १९७३ ते १९७६ दरम्यान निघालेल्या जीटी व्ही८ ला कारखान्याने तारांची चाकं दिलीच नव्हती. तेवढा जोर चाक ज्यावर बसतं त्या हबच्या दात्यांवर आणि तारांवर टाकण्यात शहाणपण नाही.

## १. गाडीखाली जा आणि एक्सल ओळखा

एमजीबीला दोन प्रकारचे मागचे एक्सल आले. जुन्या रोडस्टरना १९६७ पर्यंत बँजो एक्सल होता: मधला भाग गोल, गुळगुळीत, मागून झाकण नसलेला. जीटीला १९६५ पासून आणि रोडस्टरला १९६७ पासून सॅलिसबरी आला. त्याच्या डिफरन्शियलला मागच्या बाजूने बोल्टांनी आवळलेलं पत्र्याचं झाकण दिसतं. मागून वाकून बघितलं तरी कळतं.

हे का बघायचं? तारांच्या चाकांसाठी बनवलेला सॅलिसबरी एक्सल पत्र्याच्या चाकांच्या एक्सलपेक्षा अरुंद असतो, एकेका बाजूला पाऊण इंचाच्या आसपास. तारांच्या चाकाचा दातेरी हब बाहेरच्या बाजूला जास्त जागा खातो, म्हणून कारखान्याने नळीच आखूड केली आणि चाक मडगार्डखाली होतं तिथेच ठेवलं. पुढे असा प्रकार नाही. पुढचा स्टब एक्सल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा, दोन्हींना तोच, फक्त हब बदलतो. म्हणूनच पुढची चाकं बिनतक्रार बसतात आणि माणूस निर्धास्त होऊन मागची ऑर्डर देऊन टाकतो.

> सावधान: बँजो असलेल्या गाडीखाली सॅलिसबरी, किंवा उलट, सरसकट ढकलता येत नाही. प्रॉपशाफ्टची (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी वेगळी असते. जो प्रकार आहे त्याच प्रकारचा एक्सल शोधा.

## २. दोन रस्ते, त्यातला एक निवडा

पहिला रस्ता, अडॅप्टरचा. आहे त्या चार स्टडवर दातेरी अडॅप्टर नटांनी बसवायचे आणि त्यांच्यावर चाक. स्वस्त, एका शनिवार-रविवारी होणारं काम. पण चारही चाकं बाहेर सरकतात, आणि मागे तेवढी जागा असेलच असं नाही.

दुसरा रस्ता, अस्सल हबचा. पुढे तारांच्या चाकांचे हब, मागे तारांच्या चाकांचा अख्खा एक्सल. खर्च आणि मेहनत दोन्ही जास्त. मात्र चाक जिथे असायला हवं तिथेच बसतं आणि आतल्या चार नटांची कायमची काळजी उरत नाही.

मधला रस्ताही लोक काढतात: पत्र्याच्या चाकांच्या रुंद एक्सलवरच दातेरी हब चढवायचे. चाक त्या पाऊण इंचाने बाहेर जातं आणि ठरलेला त्रास ठरल्याप्रमाणे होतो. याला मी रस्ता म्हणत नाही.

माझं मत विचाराल तर गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची असेल आणि चांगला जुना एक्सल मिळत असेल तर दुसराच रस्ता धरा. पुढेमागे रोस्टाईलवर परतायची शक्यता असेल तर पहिला. निर्णय मात्र आत्ता पक्का करू नका. आधी मोजा.

## ३. मोजमाप: याला एक अख्खी दुपार द्या

गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी, टायरमध्ये नेहमीची हवा, टाकी निम्मी भरलेली. जॅकवर चढवलेल्या गाडीची मापं घेऊ नका. एक्सल खाली लोंबतो आणि मापं खोटं बोलतात.

मागच्या मडगार्डच्या आतल्या दुमडीवरून, चाकाच्या बरोबर मध्यावर, ओळंबा सोडा. दोऱ्याला बांधलेला जड नटसुद्धा चालेल. दोरा आणि टायरचा सगळ्यात फुगीर भाग यांतलं अंतर मोजून लिहा. मग दुसरी बाजू मोजा. दोन्ही मापं सारखी येणार नाहीत, दचकू नका. या गाड्यांची बॉडी एक्सलवर क्वचितच बरोबर मध्ये बसलेली असते, आणि पुष्कळदा डावीकडे जागा कमी निघते. कमी असलेलं माप हेच तुमचं माप.

आता नवं चाक किती बाहेर येईल ते काढायचं. विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. एक भक्कम लाकडी ठोकळा घ्या, चाकाची आतली रिम जमिनीला टेकणार नाही इतका उंच.

१. तुमचं आत्ताचं मागचं चाक टायरसकट ठोकळ्यावर ठेवा, असं की त्याची ड्रमवर बसणारी सपाटी ठोकळ्यावर टेकेल आणि दर्शनी बाजू वर येईल. टायरच्या वरच्या फुगीर भागावर सरळ पट्टी आडवी टाका. ठोकळ्याच्या पृष्ठभागापासून पट्टीपर्यंतची उंची मोजा.

२. आता ठोकळ्यावर अडॅप्टर पाठीवर ठेवा, त्यावर तारांचं चाक बसवून स्पिनर हाताने आवळा. तशीच उंची मोजा. चाकावर त्याच मापाचा टायर हवा. नुसत्या रिमवर अंदाज बांधू नका.

३. दुसऱ्या मापातून पहिलं वजा करा. टायर तेवढा बाहेर येणार.

ओळंब्याच्या मापातून हा आकडा वजा केल्यावर किमान बोटभर, म्हणजे १० ते १२ मिलिमीटर, जागा उरली पाहिजे. एमजीबीचा मागचा एक्सल पट्ट्यांच्या स्प्रिंगवर नुसता टांगलेला आहे, त्याला आडवं धरून ठेवणारा दांडा नाही. वळणावर तो अंगभर सरकतो. उभ्या गाडीत ५ मिलिमीटर जागा म्हणजे पहिल्याच वर्तुळचौकात घासाघीस.

मागच्या बाजूसाठी मुद्दाम कमी जाडीचे अडॅप्टरही मिळतात. मोजणीत बसत असतील तर घ्या. बसत नसतील तर दुमड आत ठोकून जागा करण्याच्या फंदात पडू नका. रंग तडकतो, तिथून गंज आत शिरतो, आणि चाकांच्या हौसेपायी मडगार्ड बदलायची वेळ येते.

> तपासा: दोन्ही बाजूंची मापं कागदावर लिहिली का? आकडा १० मिलिमीटरच्या खाली येत असेल तर पहिला रस्ता बंद. टायर अरुंद करून बघा, नाहीतर एक्सल शोधायला लागा.

टायरवरून आठवलं. कारखान्याची ६० तारांची चाकं साडेचार इंच रुंद होती, बाजारात नवी ७२ तारांची त्याहून रुंदही मिळतात. मूळ रोडस्टरला १५५ आणि जीटीला १६५ रुंदीचे रेडियल टायर येत. आज बहुतेकांच्या रोस्टाईलवर १८५/७० असतात. मागे जागेची चणचण असेल तर १६५ वर या. तारांच्या चाकावर अरुंद टायर दिसतोही नीट.

## ४. खरेदी: खोकं उघडल्याउघडल्या काय बघायचं

आटे. सुरुवातीच्या गाड्यांच्या दातेरी हबवर इंचाला १२ आटे होते, नंतर ८ झाले. हब आणि स्पिनर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेत तर हे हमखास चुकतं. हबवर फूटपट्टी ठेवा आणि एक इंचात किती आटे आहेत ते मोजा.

बाजू. याबद्दल पुढे स्वतंत्र बोलू. तूर्तास एवढंच की चार हबांत दोन सुलट्या आट्यांचे आणि दोन उलट्या आट्यांचे असलेच पाहिजेत. चारही सारखे निघाले तर खोकं परत.

दाते. जुना माल घेत असाल तर दात्यांवरून नख फिरवा. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो. झिजलेल्याला धार आलेली असते, जवळजवळ करवतीसारखी. आणि इथे कंजूषी करू नका: झिजलेलं चाक नव्या हबवर चढवलं की ते नव्या हबलाही खातं. अर्धी जोडी नवी, अर्धी जुनी हा हिशेब पुढे महागात जातो.

तारा. टायर चढवण्याआधी प्रत्येक तारेवर छोटा पाना हलकेच वाजवा. सगळ्यांचा आवाज साधारण एका पट्टीत हवा. एखादी बद्द वाजली तर ती ढिली आहे. एखाद-दुसरी असेल तर जाणकाराकडून आवळून घेता येते. चार-पाच बद्द वाजत असतील तर चाक परत करा.

स्पिनर. दोन कानांचे किंवा आठकोनी. कानांच्या स्पिनरला तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा, आठकोनीला त्याचा खास पाना लागतो. लोखंडी हातोड्याने कान ठोकलेले स्पिनर मी लांबूनही ओळखतो. ते कान बघवत नाहीत.

## ५. गाडी उचलण्याआधी

रोस्टाईलच्या मधली टोपी काढली की मागच्या हबचा मोठा नट चाकाच्या भोकातून दिसतो. अस्सल हबच्या रस्त्याने जात असाल आणि जुन्या एक्सलचे हब पुढे सुटे करायचे असतील तर तो नट आत्ताच, गाडी चाकांवर उभी असताना, हँडब्रेक ओढून आणि पहिला गिअर टाकून, ढिला करून ठेवा. आधी स्प्लिट पिन काढायला विसरू नका. हा नट १५० पौंड-फूट जोराने आवळलेला असतो. स्टँडवर चढवलेल्या गाडीवर लांब दांडा घेऊन त्याच्याशी झटापट करणं म्हणजे गाडी अंगावर ओढून घेणं.

चाकांचे नटही अर्धा फेरा ढिले करा. मग गाडी उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही. पुढच्या बाजूचं काम असेल तेव्हा मागच्या चाकांना ठोकळे लावा, मागचं असेल तेव्हा पुढच्यांना.

## ६. पहिला रस्ता: अडॅप्टर बसवणं

बसण्याची जागा साफ करा. ड्रमची आणि पुढच्या हबची सपाटी तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. गंज नको आणि रंगही नको. नुकताच सुंदर काळा रंग मारलेल्या ड्रमवर अडॅप्टर आवळला की तो रंग हळूहळू चिरडत जातो, आणि तेवढी नटांची पकड ढिली पडते. ड्रम धरून ठेवणारे दोन छोटे स्क्रू सपाटीच्या आत बुडलेले हवेत. वर आलेल्या स्क्रूवर अडॅप्टर डुगडुगतो.

स्टड कापणं. मूळ स्टड अडॅप्टरसाठी लांब पडतात. नटाबाहेर आलेलं टोक चाकाच्या आतल्या बाजूला टेकतं. मग चाक कोनावर, म्हणजे त्याला मध्यावर आणणाऱ्या निमुळत्या उतारावर, बसतच नाही. स्पिनर मात्र घट्ट वाटतो, कारण तो चाकाला स्टडच्या टोकांवर दाबत असतो. या कामातली सगळ्यात घातक चूक हीच, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

अडॅप्टर बसवा, त्याच्याबरोबर आलेले नट आवळा, नटाच्या कडेशी स्टडवर खूण करा. अडॅप्टर काढा. कापण्याआधी स्टडवर एक साधा नट खुणेच्या आतपर्यंत फिरवून ठेवा. आता कापा, टोक कानशीने गोल करा आणि मग तो नट फिरवत बाहेर काढा. बाहेर येताना तो आटे साफ करत येतो. अर्ध्या इंची स्टडवर नटाचे किमान अर्धा इंच आटे पकडीत राहिले पाहिजेत, त्याहून कमी चालणार नाही.

> तपासा: प्रत्येक स्टडच्या टोकावर कणकेची छोटी गोळी चिकटवा. (घरातली कणीक मिळवण्यासाठी काय कारण सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.) चाक चढवून स्पिनर आवळा, काढा, आणि गोळ्या बघा. दोन-तीन मिलिमीटर जाडी उरली पाहिजे. गोळी चपटी होऊन धातू दिसला तर आणखी कापावं लागेल.

एकदा कापलेल्या स्टडवर रोस्टाईल परत बसवता येत नाही, नवे स्टड घालावे लागतात. परतीची वाट हवी असेल तर कापण्याऐवजी आधीच आखूड स्टड बदलून घ्या आणि मूळचे तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

नट आवळणं. समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. अडॅप्टरबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा पाळा. तो नसेल तर गाडीच्या चाकांच्या नटांचा मूळ आकडा धरा: ६० ते ६५ पौंड-फूट, म्हणजे साधारण ८१ ते ८८ न्यूटन-मीटर.

## ७. दुसरा रस्ता: पुढचे हब आणि मागचा एक्सल

### पुढे

कॅलिपर सोडवा आणि तारेने वर टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. हबची टोपी, स्प्लिट पिन, नट काढून हब डिस्कसकट ओढा. डिस्क जुन्या हबवरून नव्यावर न्या, सपाट्या साफ करून बोल्ट ४० ते ४५ पौंड-फूट आवळा.

आता खरं काम. एमजीबीच्या पुढच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळकांडं आणि त्याच्या टोकाशी पातळ शिम, म्हणजे जाडी जुळवायच्या चकत्या, असतात. अलीकडच्या गाड्यांवर हात बसलेले बरेच मेकॅनिक हे दोन्ही जादा समजून बाजूला ठेवतात आणि नट अंदाजाने आवळून मागे घेतात. तसं करू नका. नळकांडं स्टब एक्सलला ताकद देतं. ते काढलं की पुढे कधीतरी स्टब एक्सलच तुटू शकतो.

पद्धत अशी. आधी शिम न घालता जुळवा आणि चाक फिरवत नट आवळत जा, हब जड फिरायला लागेपर्यंत. त्याने बेअरिंगच्या कड्या जागेवर बसतात. नट आणि बाहेरचं बेअरिंग काढा, शिम जरा जास्तच घाला, पुन्हा जुळवून आवळा. आता हब आत-बाहेर किती हलतो ते डायल गेजवर बघा. शिम कमी करत करत हालचाल ०.००२ ते ०.००४ इंचांवर आणा, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. नट ४० ते ७० पौंड-फूट दरम्यान कुठेही चालतो. ही मोठी मुभा मुद्दाम दिलेली आहे, पिनेचं भोक जुळावं म्हणून. दातेरी हबच्या अंगाला एक भोक असतं, स्प्लिट पिन तिथूनच आत घालायची. ते शोधताना पहिल्यांदा सगळेच गोंधळतात.

शिम जुन्या हबमधून काढलेल्या तशाच नव्यात टाकणं हीही नेहमीची चूक. हब बदलला की मोजणी पहिल्यापासून.

### मागे

अख्खा एक्सल बदलण्याचं काम दोन माणसांचं. तो जड आहे आणि त्याला धरायला कुठे सोयीची जागा नाही. क्रम: ब्रेक ऑइलची नळी, हँडब्रेकची केबल, प्रॉपशाफ्टची चकती (काढण्याआधी दोन्ही चकत्यांवर खूण करा), शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे दुवे, एक्सल फार खाली जाऊ नये म्हणून असलेले पट्टे, आणि शेवटी स्प्रिंगचे यू-बोल्ट. घालताना उलट क्रम.

बसवायचा एक्सल जमिनीवर आहे तोवरच त्याच्या हबमागचे ऑइल सील बदला. गाडीखाली गेल्यावर ते काम दसपट होतं. झाकण उघडून दाते बघा, ईपी ९० तेल नवं भरा. हबचा नट १५० पौंड-फूट (सुमारे २०३ न्यूटन-मीटर) आवळा, आणि पिनेचं भोक जुळत नसेल तर पुढे न्या, कधीही मागे घेऊ नका. हबच्या बाहेरची निमुळती फटीची कडी सैल वाटली तर नवी घाला.

चार सिलिंडरच्या एमजीबीत डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.९०९ हेच असतं, त्यामुळे स्पीडोमीटरची चिंता नाही. ब्रेकमधली हवा काढा आणि पेडल कडक लागतंय याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ८. उलटे आटे, सुलटे आटे

दोन मिनिटांचं काम, आणि चुकलं तर चाक निघून जातं.

ड्रायव्हरच्या जागेवर बसून बघितल्यावर जी डावी बाजू ती डावी. डाव्या बाजूच्या हबला सुलटे आटे, उजव्या बाजूच्या हबला उलटे आटे. दोन्ही बाजूंना स्पिनरचा वरचा कान गाडीच्या पुढच्या दिशेला ढकलला की तो सुटतो, मागच्या दिशेला ढकलला की आवळतो. हे एवढं लक्षात ठेवलं की बाकी पाठांतर नको.

गोंधळ होतो तो लेबलांमुळे. खोक्यावर किंवा हबवर एलएच, आरएच अशी अक्षरं असतात. कुणी ती गाडीच्या बाजूसाठी छापतं, कुणी आट्यांच्या दिशेसाठी, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. अक्षरं वाचूच नका. हातात स्पिनर घेऊन फिरवून बघा.

> तपासा: चारही हब बसल्यावर, चाकं चढवण्याआधी, प्रत्येक हबवर स्पिनर हाताने फिरवा. वरचा कान मागे जाताना तो आत चढतोय ना? एकही उलटा वागला तर तिथेच थांबा.

## ९. टायर, ट्यूब आणि बॅलन्सिंग

तारा रिमला आरपार जातात, त्यामुळे साध्या तारांच्या चाकाला ट्यूब लागतेच. आतून सील केलेली बिनट्यूबची चाकंही मिळतात. तुमच्याकडची कोणती आहेत ते आधी विचारून घ्या. ट्यूब असेल तर रिमवर तारांची टोकं झाकणारी रबरी पट्टी हवी, सुरकुती न पडता बसलेली. टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबलं सोलून काढा. क्षुल्लक वाटतं, पण ट्यूब त्या लेबलाच्या कडेवर घासून घासून फाटते.

बॅलन्सिंगवाल्याकडे एक प्रश्न विचारा: चाक कशावर धरणार? हे चाक त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या उतरत्या कोनांवर मध्यावर येतं. मधल्या भोकात मिळेल तो कोन कोंबून धरलं तर मशीन शून्य दाखवतं आणि पन्नास मैलांच्या वेगाला स्टिअरिंग हातात नाचतं. दोन्ही बाजूंनी योग्य कोन नसतील तर दुसरीकडे जा. वजनं चिकटवायचीच घ्या.

## १०. चाक चढवणं

दाते, आतला कोन आणि स्पिनरचे आटे यांवर ग्रीसचा पातळ हात द्या. थापायचं नाही. जास्तीचं ग्रीस फिरताना तारांवर उडतं, क्वचित ब्रेकपर्यंतही जातं. दाते कोरडे ठेवले तर गंजतात आणि वर्षभरात चाक निघेनासं होतं.

चाक हवेत असतानाच स्पिनर आवळा. जमिनीवर टेकलेल्या चाकावर गाडीचं वजन असतं, ते कोनावर मध्यावर येत नाही आणि तिरपंच आवळलं जातं. चाक फिरवत स्पिनर हाताने शेवटपर्यंत न्या, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, आणि हातोड्याने ठोका. सुरुवातीला कान सरकताना दिसतो, मग प्रत्येक ठोक्याला कमी, मग अजिबात नाही. आवाजही बदलतो, बद्दवरून खणखणीत होतो. तिथे थांबा. त्यापुढे ठोकण्याने घट्टपणा वाढत नाही, फक्त शेजारी बाहेर येतात.

> तपासा: चाक हवेत, मदतनीसाचा पाय ब्रेकवर. चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे झटका. चाक आणि हब यांच्यात तसूभरही खेळ नको. टकटक जाणवली तर दाते जुळत नाहीत किंवा चाक पूर्ण आत बसलेलं नाही.

## ११. पहिले पन्नास मैल

पाच मैल हळू चालवून परत या. मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला खडूची रेघ ओढून ठेवली असेल तर घासल्याची खूण लगेच दिसते. गाडीत दोघं बसून, डिकीत सामान टाकून एक फेरी वेगळी मारा. रिकाम्या गाडीत न घासणारं चाक सहलीच्या दिवशी घासतं.

पन्नास मैलांनंतर स्पिनर पुन्हा ठोकायचा हे बहुतेकांना माहीत असतं. अडॅप्टरवाले इथे एक पायरी विसरतात: आतले चार नट. ते चाकाच्या मागे लपलेले असतात, स्पिनर ठोकून त्यांना काहीच होत नाही. चाक काढा, नट टॉर्क पान्याने तपासा, मग चाक चढवून स्पिनर ठोका. दोनशे मैलांनी पुन्हा एकदा. गाडी सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना मागून एकच ‘टक्’ ऐकू आलं तर प्रवास तिथेच थांबवा.

ब्रिटनमध्ये असाल तर विमा कंपनीला बदल कळवा. चाळीस वर्षांहून जुन्या आणि फार फेरफार न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटीची (गाडीच्या सक्तीच्या तपासणीची) सक्ती नाही. म्हणजे ढिली तार किंवा झिजलेले दाते दरवर्षी दाखवून देणारा परीक्षकही नाही. ते काम आता तुमच्याकडे आलं आहे: वर्षातून एकदा चारही चाकं काढा, जुनं ग्रीस रॉकेलने धुवा, दाते बघा, तारा वाजवा, नवा हात देऊन चढवा.

## उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी

तारांची चाकं धुऊन कंटाळून रोस्टाईलकडे वळणारेही आहेत. पुढे फक्त हब बदलायचे, शिमची मोजणी वर सांगितल्याप्रमाणे. मागे तुमच्याकडे अरुंद एक्सल आहे. त्यावर नटांचे हब लावून रोस्टाईल बसवली की चाक आत ओढलं जातं. तेव्हा ओळंबा मडगार्डवरून नाही, टायरच्या आतल्या बाजूला सोडा आणि स्प्रिंगपर्यंतचं अंतर मोजा. जागा पुरत नसेल तर रुंद एक्सल, नाहीतर वेगळ्या ऑफसेटची, म्हणजे रिम हबपासून कमी-जास्त बाहेर असलेली, चाकं. चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकत्या) घालायचे ठरवलंत तर स्टडही तेवढे लांब घ्या.